‘शोध लावला’ म्हणजे नेमके काय केले? लंडनच्या एका सुवर्णपदकाविषयी

१८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने आपल्या दोन वार्षिक सुवर्णपदकांपैकी एक पदक कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावच्या नैनसिंह रावत यांना दिले. नैनसिंह मुळात शाळामास्तर होते. तिबेटात आणि ब्रह्मपुत्रेच्या वरच्या प्रवाहाकाठी त्यांनी केलेले दीर्घ प्रवास व सर्वेक्षण, ल्हासाच्या स्थानाची निश्चिती आणि आशियाच्या नकाशात घातलेली मोठी भर, अशी कारणे सोसायटीने पदक देताना नोंदवली. त्यांनी ल्हासा ‘शोधून काढले’, असा दावा त्यात नाही, आणि तसा दावा करणे शक्यही नव्हते. ल्हासात शतकानुशतके माणसे राहत होती, दूरदूरचे यात्रेकरू आणि व्यापारी तेथे येत-जात होते. नैनसिंहांच्या आधी काही युरोपीय माणसेही तेथे पोचली होती: थॉमस मॅनिंग हे इंग्रज प्रवासी १८११ मध्ये, तर ह्यूक आणि गाबे हे दोन फ्रेंच धर्मोपदेशक १८४६ मध्ये. तरीही पृथ्वीच्या पाठीवर ल्हासा नक्की कोठे आहे, हे १८६६ पर्यंत नकाशा काढणाऱ्यांना खात्रीने सांगता येत नव्हते.

या पदकाच्या संदर्भात ‘शोध’ म्हणजे काय, हे त्यावरून कळू लागते. एखाद्या ठिकाणी सर्वांत आधी पाऊल ठेवणे एवढ्याने ते मिळत नसे. तेथून परत येताना मोजलेली, लिहून ठेवलेली आणि दुसऱ्या कोणाला तपासून पाहता येईल अशी माहिती आणावी लागे. भूसंशोधनाच्या क्षेत्रात या पदकाला जो मान आहे तो या अटीमुळे आहे, असे मला वाटते. आणि ही अट प्रत्यक्षात किती कष्टाची होती, हे नैनसिंहांच्या प्रवासातून जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कोणत्याही मानकऱ्याच्या कामातून दिसत नाही.

सोसायटीची स्थापना १८३० ची. इंग्लंडचे राजे विल्यम चौथे हे तिचे आश्रयदाते झाले आणि भूगोलशास्त्राच्या व शोधाच्या प्रोत्साहनासाठी त्यांनी दरवर्षी ५० गिनींचे पारितोषिक देऊ केले. पहिले पारितोषिक रिचर्ड लँडर यांना मिळाले. पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीचा मधला भाग युरोपला ठाऊक होता, पण ती पुढे कोठे जाते यावर विद्वानांत वर्षानुवर्षे वाद चालला होता; लँडर बंधू नावेने तिच्या प्रवाहाबरोबर खाली गेले आणि ती गिनीच्या आखाताला मिळते हे त्यांनी दाखवून दिले. १८३९ पासून या पारितोषिकाची दोन सुवर्णपदके झाली. एकाला संस्थापक पदक म्हणतात, दुसऱ्याला आश्रयदाता पदक. दोन्हींचा दर्जा सारखाच आहे. सोसायटीने केलेल्या निवडीला आजही ब्रिटनच्या राजसत्तेची मान्यता घ्यावी लागते. नैनसिंहांना मिळाले ते आश्रयदाता पदक.

डोंगरापलीकडचा कोरा कागद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण हिमालयाच्या पायथ्यापर्यंत येऊन ठेपले होते. या पद्धतीत जमिनीवर एक रेषा अतिशय काळजीपूर्वक मोजतात, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या तिसऱ्या बिंदूचे कोन घेतात आणि गणिताने उरलेल्या दोन बाजू काढतात. मग त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण, त्यावर त्याच्या पुढचा, अशी त्रिकोणांची साखळी देशभर पसरत जाते. या पद्धतीने बर्फाच्छादित शिखरांची उंची शंभर-दीडशे किलोमीटरवरूनही काढता येते, कारण शिखर दुरून दिसते. एव्हरेस्टची उंची अशीच निघाली, आणि त्या काळात सर्वेक्षणाचे प्रमुख असलेले अँड्र्यू वॉ हे १८५७ मध्ये सोसायटीच्या सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. पण शिखरांच्या मागच्या दऱ्या, नद्या, खिंडी आणि गावे दुरून दिसत नाहीत. तेथे जावेच लागते.

तिबेटची सीमा युरोपीय माणसांना बंद होती. कोन मोजण्याचे जड यंत्र म्हणजे थिओडोलाइट आणि हमालांचा ताफा घेऊन उघडपणे मोजणी करणे तर कल्पनेपलीकडचे होते. सर्वेक्षण खात्यातील थॉमस जॉर्ज माँटगोमेरी यांनी त्यावर असा तोडगा सुचवला की सीमेवरच्या, पलीकडे नेहमी जाणे-येणे असलेल्या समाजांतील हुशार माणसांना मोजणीचे शिक्षण द्यावे आणि त्यांना व्यापाऱ्याच्या किंवा यात्रेकरूच्या वेशात पाठवावे. अब्दुल हमीद नावाचे मुन्शी १८६३ मध्ये अशा रीतीने मध्य आशियातील यारकंदला गेले. परतीच्या वाटेवर ते वारले, पण त्यांच्या नोंदी हाती आल्या. त्याच वर्षी नैनसिंह आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह डेहराडूनला प्रशिक्षणासाठी रुजू झाले. जोहारचे शौका लोक पिढ्यान्‌पिढ्या तिबेटशी व्यापार करत आलेले. तिबेटी बोली, खिंडी आणि चालीरीती त्यांच्या अंगवळणी पडलेल्या. नैनसिंहांनी त्याआधी श्लागिंटवाइट या जर्मन संशोधक बंधूंबरोबर काम केले होते, त्यामुळे उपकरणेही त्यांना परकी नव्हती.

यामागे ब्रिटिश साम्राज्याचा लष्करी आणि राजकीय स्वार्थ होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. रशिया मध्य आशियात पुढे सरकत होता आणि उत्तर सीमेपलीकडे काय आहे हे कलकत्त्याच्या सरकारला कळायला हवे होते. पण हेतू काहीही असला तरी मोजणी करणाऱ्या माणसाने ती प्रामाणिकपणे केली की नाही, हा प्रश्न वेगळा राहतो, आणि सोसायटीच्या पदकाचा संबंध त्या प्रश्नाशी आहे.

अंतर: एकेक पाऊल

नकाशा काढायचा तर प्रत्येक ठिकाणाबद्दल तीन गोष्टी हव्यात: ते मागच्या ठिकाणापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहे, त्याचे अक्षांश काय आहेत आणि समुद्रसपाटीपासून ते किती उंच आहे.

अंतरासाठी साखळी किंवा फीत वापरता येत नव्हती, म्हणून नैनसिंहांना स्वतःचे पाऊलच माप म्हणून घडवावे लागले. चढ असो, उतार असो की सपाटी, पाऊल सुमारे साडेएकतीस इंचांचेच पडले पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेतला गेला. अशी साधारण दोन हजार पावले म्हणजे एक मैल. पावले मोजायला हातात जपमाळ असे. बौद्ध माळेत १०८ मणी असतात; या माळेत १०० ठेवले होते आणि दर दहावा मणी थोडा मोठा होता. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. माळेचा पूर्ण फेरा म्हणजे दहा हजार पावले, म्हणजेच पाच मैल. आठ मणी कमी आहेत, हे चालत्या वाटेवर कोणाच्याही नजरेत भरत नसे.

दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र असे. एरवी त्याच्या पोकळीत मंत्र लिहिलेली कागदाची गुंडाळी ठेवतात. नैनसिंहांच्या चक्रात कोऱ्या चिठ्ठ्या होत्या आणि त्यांवर पावलांचे आकडे व होकायंत्राने घेतलेल्या दिशा लिहिल्या जात. कोणी जवळ येऊन बोलू लागले तर मोजणी तुटण्याची भीती असे. अशा वेळी ते चक्र फिरवत पुटपुटू लागत, आणि जपात गुंतलेल्या यात्रेकरूला सहसा कोणी हटकत नसे. ज्या व्यापारी तांड्याबरोबर ते चालले होते तो तिबेटातील शिगात्सेकडे जात असताना वाटेतला एक टप्पा नावेने पार करण्याची सोय होती, पण नैनसिंह तेवढा भागही काठाने पायी गेले, कारण नावेत बसल्यावर पावले मोजता येत नाहीत. मला त्यांच्या साऱ्या प्रवासात ही गोष्ट फार मोलाची वाटते. कोणी पाहत नसताना, आयते वाहन उपलब्ध असताना आणि अंदाजाने आकडा लिहिला असता तरी लगेच कोणाला कळले नसते अशा जागी ते चालत गेले.

काही वर्षांनंतर त्यांचेच भाऊबंद किशनसिंह उत्तर तिबेटात असताना लुटारूंच्या भीतीने घोड्यावर बसणे भाग पडले. तेव्हा त्यांनी घोड्याचा पुढचा उजवा पाय किती वेळा पडतो हे मोजायला सुरुवात केली आणि घोड्याच्या पावलाची लांबी काढून अंतर लिहिले.

अक्षांश: पाऱ्यातला तारा

पावलांनी मोजलेल्या अंतरात चूक साठत जाते. पाऊल किंचित आखूड पडले, वळणदार वाटेवर दिशा थोडी चुकली, की शंभर मैलांनंतर माणूस नकाशावर भलत्याच जागी पोचतो. म्हणून अधूनमधून आकाशाकडून साक्ष घ्यावी लागते. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितकेच त्या ठिकाणाचे अक्षांश असतात. सूर्य किंवा दुसरा एखादा तारा आकाशात सर्वांत उंच असताना त्याचा कोन मोजला आणि कोष्टकातून त्या दिवशीचे त्याचे स्थान घेतले, तरी तेच उत्तर मिळते. कोन मोजायला सेक्स्टंट हे यंत्र वापरतात. मात्र सेक्स्टंटला सरळ, स्वच्छ क्षितिज लागते. समुद्रावर ते आपोआप मिळते, तिबेटात चहूकडे डोंगर.

यावर उपाय पाऱ्याचा. भांड्यात ओतलेल्या पाऱ्याचा पृष्ठभाग अगदी समपातळीत स्थिरावतो आणि आरशासारखा चमकतो. आकाशातला तारा आणि पाऱ्यातले त्याचे प्रतिबिंब यांच्यातील कोन मोजला, तर तो ताऱ्याच्या खऱ्या उंचीच्या दुप्पट येतो. त्याची निम्मी केली की काम झाले. नैनसिंह पारा कवड्यांत भरून, मेणाने तोंड बंद करून नेत आणि वेळ आली की यात्रेकरूजवळ असतो तशा वाडग्यात ओतत. सेक्स्टंट पेटीच्या चोरकप्प्यात दडवलेला असे. या पद्धतीला एक मर्यादा आहे. कोन दुप्पट होत असल्यामुळे उन्हाळ्यात डोक्यावर आलेला सूर्य यंत्राच्या मापाबाहेर जातो, आणि मग रात्री, थंडीत, लोक झोपल्यावर ताऱ्यांवर भिस्त ठेवावी लागते. वाऱ्याची झुळूक आली की पारा थरथरतो व प्रतिबिंब फुटते. हे सारे लपूनछपून करायचे.

नैनसिंह जानेवारी १८६६ मध्ये ल्हासात पोचले आणि एप्रिलपर्यंत तेथे राहिले. पैसे पुरत नव्हते, म्हणून त्यांनी नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून गुजराण केली. परवानगीशिवाय आलेल्या एका माणसाचा शिरच्छेद झालेला त्यांनी तेथे पाहिला, आणि त्यानंतर ते बाहेर फारसे पडेनासे झाले. तरीही त्यांनी सूर्याचे व ताऱ्यांचे वेध अनेकदा घेतले. त्यांतून ल्हासाचे अक्षांश २९ अंश ३९ मिनिटे १७ सेकंद असे निघाले. आजच्या मोजणीनुसारही ल्हासा २९ अंश ३९ मिनिटांवरच आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर, एवढे सांगितले म्हणजे वाडगाभर पाऱ्याने साधलेल्या अचूकतेची कल्पना येईल.

रेखांशाचे काम त्याहून अवघड होते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. त्यामुळे रेखांश काढायचे तर मूळ ठिकाणची वेळ महिनोन्‌महिने अचूक दाखवणारे घड्याळ जवळ हवे, किंवा चंद्राचे फार किचकट वेध घ्यायला हवेत. नैनसिंहांचा परतीचा मोठा पल्ला तिबेटातील त्सांगपो नदीच्या खोऱ्यातून मानसरोवराकडे, म्हणजे बहुतांशी पूर्व-पश्चिम होता. उत्तर-दक्षिण वाटेवर पावलांचा हिशेब अक्षांशावर ताडून पाहता येतो; पूर्व-पश्चिम वाटेवर अक्षांश फारसे बदलतच नाहीत, त्यामुळे तेथे सगळा भार पावलांवर आणि होकायंत्रावर पडतो. त्या सबंध प्रवासात सुमारे २५ लाख पावले मोजली गेली, म्हणजे जवळपास १,२०० मैल. डेहराडूनला या नोंदींची तपासणी झाली तेव्हा माँटगोमेरींनी नेमके हेच पाहिले, की जेथे पडताळा घेता येतो तेथे हा माणूस बरोबर निघतो का. तो निघाला. म्हणूनच, जेथे पडताळा घेता येत नव्हता तेथेही त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे रास्त ठरले.

उंची: उकळते पाणी

उंचावर हवेचा दाब कमी असतो, आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. समुद्रसपाटीला ते २१२ अंश फॅरनहाइटला उकळते. साधारण दर पाचशे-साडेपाचशे फुटांच्या चढाईबरोबर हे तापमान एकेक अंश फॅरनहाइटने उतरते. म्हणून चहाचे आधण ठेवल्याच्या निमित्ताने त्यात थर्मामीटर बुडवला तर उंची कळते. नैनसिंहांचा थर्मामीटर हातातल्या काठीच्या पोकळीत असे. ल्हासाची उंची त्यांच्या नोंदींवरून सुमारे ११,७०० फूट निघाली. ती प्रत्यक्षात १२,००० फुटांच्या जवळ आहे. चूक पावणेतीनशे फुटांच्या आसपास, म्हणजे थर्मामीटरच्या अर्ध्या अंशाएवढी. हवामान पालटले तरी एवढा फरक पडू शकतो.

याच पद्धतीत बेपर्वाई किंवा दुर्दैव आले तर काय होते, याचे उदाहरण सोसायटीच्या दोन अतिशय गाजलेल्या मानकऱ्यांकडे सापडते. रिचर्ड बर्टन यांना १८५९ मध्ये आणि जॉन हॅनिंग स्पीक यांना १८६१ मध्ये सुवर्णपदक मिळाले. दोघे १८५८ मध्ये टांगानिका सरोवरापाशी पोचले, तोवर चांगले थर्मामीटर मोडले होते आणि हाताशी स्नानाच्या पाण्यासाठी वापरतात तसला साधा थर्मामीटर उरला होता. त्यावरून सरोवराची उंची सुमारे १,८५० फूट निघाली; खरी उंची २,५०० फुटांहून थोडी अधिक आहे. नाईलचा उगम कोणत्या सरोवरात आहे, यावर पुढे दोघांत जे कडवट भांडण झाले, त्यात सरोवरांच्या उंचीला मोठे महत्त्व होते, कारण खालच्या सरोवरातून वरच्या सरोवराकडे पाणी वाहू शकत नाही. एक-सव्वा अंशाच्या चुकीने अर्ध्या खंडाच्या भूगोलाविषयीचा वाद वर्षानुवर्षे धुमसत राहू शकतो.

पदक यायला अकरा वर्षे का लागली

माँटगोमेरींना सोसायटीचे सुवर्णपदक १८६५ मध्येच, पंजाबच्या मैदानापासून काराकोरमपर्यंतच्या त्रिकोणमितीय कामासाठी मिळाले होते. ल्हासाच्या प्रवासाचा अहवाल त्यांनी लंडनला पाठवला, तो तेथे वाचला गेला, सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. पण प्रवास करणाऱ्याचा उल्लेख त्यात केवळ ‘पंडित’ असा होता. शाळेत शिकवणारा म्हणून पंडित. १८६८ मध्ये सोसायटीने या निनावी पंडितांना सोन्याचे घड्याळ दिले. नाव झाकण्याचे कारण उघड होते: ते अजून कामावर होते आणि नाव छापले असते तर पुढच्या प्रवासात त्यांचा जीव गेला असता. १८६७ मध्ये ते पश्चिम तिबेटातील ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणींकडे गेले. १८७४ मध्ये लेहहून निघून, तिबेटच्या आडव्या पठारावरून, दुसऱ्यांदा ल्हासा गाठून ते तवांगमार्गे १८७५ च्या मार्चमध्ये आसामात उतरले. तो त्यांचा शेवटचा मोठा प्रवास. त्यानंतर नाव सांगायला अडचण उरली नाही.

हेन्री यूल हे मध्ययुगीन आशियाच्या भूगोलाचे मोठे जाणकार होते. त्यांनी नैनसिंहांची बाजू आग्रहाने मांडली, आणि त्यांचा मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे: हा माणूस म्हणजे हुकूम पाळणारे मोजणीचे यंत्र नव्हे, आणि आपल्या काळात आशियाच्या नकाशात त्याच्याएवढी मोलाची भर दुसऱ्या कोणी एकट्याने घातलेली नाही. हा मुद्दा मांडावा लागला, यातच त्या काळची समजूत दिसते. योजना आखणारा साहेब शोधक आणि प्रत्यक्ष चालणारा, मोजणारा, जीव धोक्यात घालणारा माणूस त्याचे साधन, अशी विभागणी बहुतेकांना स्वाभाविक वाटत होती. सरकारने नैनसिंहांना सी. आय. ई. (कम्पॅनियन ऑफ द इंडियन एम्पायर) हा किताब आणि जमिनीचे उत्पन्न दिले. पण किताब सरकारी सेवेबद्दल असतो; सुवर्णपदकाने त्यांना शोधकांच्या रांगेत बसवले, आणि म्हणून ते अधिक मोठे होय.

सगळ्यांच्या वाट्याला हे आले नाही. त्सांगपो म्हणजेच ब्रह्मपुत्रा का, हे ठरवण्यासाठी सिक्कीमच्या किंथुप यांना १८८० मध्ये तिबेटात पाठवले गेले. ज्यांच्याबरोबर ते गेले त्या लामाने त्यांना वाटेत गुलाम म्हणून विकले. तेथून सुटका करून घेतल्यावर त्यांनी ठरल्याप्रमाणे खुणेचे ५०० ओंडके, दिवसाला ५० असे, नदीत सोडले. पण ते केव्हा सोडणार हे कळवणारे त्यांचे पत्र योग्य हाती पडलेच नाही आणि खाली आसामात ओंडक्यांवर नजर ठेवणारे कोणी नव्हते. किंथुप यांच्या सांगण्यावर विश्वास बसायला १९१३-१४ उजाडले. तेव्हा बेली आणि मोर्सहेड या अधिकाऱ्यांनी त्या दरीत जाऊन पडताळणी केली आणि त्यांचे वर्णन बऱ्याच अंशी खरे ठरले. किंथुप यांना लिहिता येत नव्हते, सारे स्मरणातून सांगावे लागले. तपासता येणारी नोंद हवी, हा नियम योग्यच आहे. पण ज्याला अक्षरे शिकवली गेली नाहीत त्याच्यावर तो किती जड पडतो, हेही येथे दिसते.

मुंबई आणि नाशिकची माणसे

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांना १८५५ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. १८६४ मध्ये ते आपली छोटी आगबोट घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुंबईला आले तेव्हा त्यांच्याबरोबर चुमा आणि सुसी हे दोघे होते. चुमा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकले, सुसींनी गोदीत काम केले. नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र होते. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे शिकवले जाई. तेथील काही तरुण लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या मोहिमेत सामील झाले. त्यांपैकी जेकब वेनराइट यांना इंग्रजी लिहिता-वाचता येत होते.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. चुमा, सुसी, वेनराइट आणि त्यांच्या साथीदारांनी त्यांचे हृदय तेथे पुरले, देह वाळवून गुंडाळला आणि कित्येक महिने पायी चालून तो किनाऱ्यापर्यंत आणला. देहाबरोबर त्यांनी लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशा, नकाशे आणि उपकरणेही जपून आणली. वेनराइट शवपेटीसोबत इंग्लंडला गेले आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत सहभागी झाले.

सोसायटीने या सोबत्यांसाठी खास चांदीची पदके पाडून घेतली. ‘अखेरपर्यंत निष्ठावान’ अशा अर्थाचे शब्द त्यांवर कोरले होते. गौरव मनापासून केलेला होता, यात शंका नाही. पण गौरव निष्ठेचा झाला, ज्ञानाचा नव्हे. त्या रोजनिशा किनाऱ्याला पोचल्या नसत्या तर लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या वर्षांतील सगळी निरीक्षणे मातीत गेली असती, आणि सोसायटीच्याच कसोटीने पाहिले तर तपासता येण्याजोगी माहिती परत आणण्याचे काम या माणसांनी केले होते. सिदी मुबारक यांची गोष्टही अशीच आहे. पूर्व आफ्रिकेतून बालपणी गुलाम म्हणून ते पश्चिम भारतात आणले गेले, मालकाच्या मृत्यूनंतर मोकळे होऊन परतले आणि ‘बॉम्बे’ या नावाने ओळखले जाऊ लागले. बर्टन, स्पीक आणि स्टॅन्ली या तिघांच्याही मोहिमा त्यांच्या भरवशावर चालल्या. त्यांना सोसायटीने रौप्यपदक आणि निवृत्तिवेतन दिले. सोने आणि चांदी यांच्यातील हे अंतर धातूंच्या किमतीचे नव्हते.

नकाशा भरल्यानंतर

स्त्रियांच्या बाबतीत सोसायटी वागण्यात विसंगत होती. आर्क्टिकमध्ये हरवलेल्या पतीच्या शोधासाठी मोहिमा पाठवणाऱ्या जेन फ्रँकलिन यांना १८६० मध्ये आणि गणितज्ञ मेरी सॉमरव्हिल यांना १८६९ मध्ये सुवर्णपदक मिळाले, पण स्त्रियांना सदस्यत्वाचा दरवाजा कायमचा उघडायला १९१३ उजाडावे लागले. अरबस्तानात व पश्चिम आशियात प्रवास करणाऱ्या गर्ट्रूड बेल यांना १९१८ मध्ये पदक मिळाले.

विसाव्या शतकात कोरे प्रदेश संपत गेले, तसा या पदकाचा रोखही बदलला, आणि मला हा बदल स्वागतार्ह वाटतो. १९५८ मध्ये एडमंड हिलरी मानकरी होते, १९८५ मध्ये डेव्हिड ॲटनबरो, २०११ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल. अर्ल यांच्या क्षेत्रात, म्हणजे समुद्रतळाशी, आजही मोजणी अपुरी आहे. बाकी जगात आता ‘कोठे आहे’ यापेक्षा ‘कसे बदलते आहे’ आणि ‘का’ हे प्रश्न मोठे झाले आहेत. हिमनद्या, जंगले, शहरे, रोगांचा प्रसार यांचा अभ्यास करणारे विद्यापीठीय भूगोलतज्ज्ञ आज या यादीत वारंवार दिसतात.

२००३ चे आश्रयदाता पदक मुंबईच्या हरीश कापडिया यांना मिळाले. त्यांचा व्यवसाय कापडाचा, आणि सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी मंडळींना त्यांचे नाव नवे नाही. घाटवाटा व किल्ल्यांवरील त्यांच्या पुस्तकाने अनेकांना वाट दाखवली आहे. पदक मात्र हिमालयातील कामासाठी होते. लडाख, सियाचिन परिसर, किन्नौर, स्पिती अशा भागांत अनेक दशके छोट्या तुकड्या घेऊन त्यांनी कमी परिचित दऱ्या व खिंडी पायाखाली घातल्या. त्यांच्या कामात चढाईइतकीच नोंदींना किंमत होती. कोणत्या गावापासून वाट फुटते, नाला कोठे ओलांडता येतो, खिंडीचे स्थानिक नाव काय, जुन्या नकाशात चूक कोठे आहे, हे सारे ते लिहीत गेले, आणि ‘हिमालयन जर्नल’चे संपादक म्हणून त्यांनी दुसऱ्यांकडूनही ते लिहवून घेतले. मागाहून जाणारी तुकडी ती नोंद हातात घेऊन निघते आणि चूक आढळली तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापून येते.